‘एजंट म्हणजे एलआयसीच्या का?’ : सोलापुरातल्या एका लिटररी एजंटला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तुम्ही नक्की कसल्या एजंट?

नव्या पेठेत झेरॉक्सच्या दुकानात चारशे पानांच्या कादंबरीच्या दोन प्रती काढत होते. दुकानदारानं विचारलं, “एवढं कसलं कागद ओ अक्का? एलआयसी का आरटीओ?” तेव्हापासून हा प्रश्न यादीत पहिला आहे.

मी लेखकांची एजंट आहे. लेखकाचं हस्तलिखित वाचायचं, पटलं तर ते योग्य प्रकाशकाकडं न्यायचं, करार ठरवायचा आणि पुस्तक आल्यावर दरवर्षी मानधनाचा हिशेब मागायचा, हे माझं काम. त्याच पुस्तकाचे अनुवादाचे, ऑडिओचे, नाटक-सिनेमाचे हक्कही वेगवेगळे विकायचे. लेखकाला पैसे मिळाले की त्यातले ठरलेले टक्के माझे. प्रकाशकाकडून मी एक रुपयाही घेत नाही.

माझे मामा मार्केट यार्डात कांदा घालतात. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हणजे तू पुस्तकांची अडत्या.” बरंचसं बरोबर आहे. फरक एवढाच की २०१६ पासून भाजीपाल्याची अडत, म्हणजे दलाली, शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचा नियम झाला. आमच्याकडं अजून पिकवणाराच देतो. मामांना हे अजिबात आवडलं नाही.

मराठीत असं कुणी असतं का? इतकी वर्षं एजंटशिवाय चाललंच ना?

चाललं. कसं चाललं, ते जुन्या लेखकांच्या घरच्यांना विचारा.

लंडनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत ए. पी. वॉट यांनी हा धंदा उभा केला. रुडयार्ड किपलिंग आणि आर्थर कॉनन डॉयल त्यांच्याकडं होते आणि वॉट १०% घेत. आपल्याकडं इंग्रजी लेखनासाठी जयपूरची ‘सियाही’, दिल्लीची ‘रायटर्स साइड’ आणि ‘रेड इंक’ अशा संस्था आहेत. मराठीत मात्र हे काम संपादक, प्राध्यापक आणि मित्र फुकट करत आले. का. र. मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखकाचा रस्ता ठरलेला होता. अंकात कथा यायची, ती कुणीतरी वाचायचं, ते प्रकाशकाला सांगायचं आणि मग पोस्टकार्ड यायचं. पुढचा व्यवहार चहावर आणि शब्दावर. या रस्त्यानं मोठी माणसं मोठी झाली, हे मी नाकारत नाही. पण ज्याला शिफारस करायला कुणी नव्हतं, त्याची वही पेटीतच राहिली. आणि ज्याचं पुस्तक निघालं, त्याला किती प्रती छापल्या हे विचारायची लाज वाटत राहिली. पैशाचं बोललं की सरस्वतीचा अपमान होतो, हा समज आमच्या धंद्याचा सगळ्यात जुना स्पर्धक.

पुणे-मुंबई सोडून सोलापुरात का?

आईचं आजारपण, हे खरं कारण. त्याआधी मी पुण्यात एका प्रकाशनाच्या कचेरीत होते आणि त्याच्याही आधी इथंच एका छापखान्यात मुद्रितशोधन करत होते. परत आले तेव्हा वाटलं, आता हे संपलं. झालं उलटंच.

पुण्याला गाठायचं तर सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस आहे. दुपारच्या आत अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या बाजारात पोचता येतं आणि रात्री घरी जेवायला येता येतं. मुंबईला सिद्धेश्वर एक्स्प्रेस रात्रभर नेते आणि २०२३ पासून वंदे भारत आहे. उरलेलं काम फोन आणि ईमेलवर. म्हणजे अंतर हा प्रश्नच नाही.

सोलापूरची खरी कमाई भाषा आहे. शहराच्या पूर्व भागात घरोघरी तेलुगू, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर तालुक्यात कन्नड, विजापूर वेशीकडं गेलात की दखनी उर्दू, आणि या सगळ्यांना बाजारात मराठी येते. एका घरात आजी कन्नडमध्ये रागावते, बाप मराठीत उत्तर देतो, पोरगं मोबाइलवर हिंदी बोलतं. अनुवादाचे हक्क विकणाऱ्या माणसाला यापेक्षा चांगलं गाव कुठं मिळणार? पुण्यात मला कन्नड जाणणारा वाचक शोधावा लागे. इथं माझ्या गल्लीत तिघं आहेत. त्यातल्या एक बाई दुपारी शेंगा भाजता भाजता मला कन्नड कथा तोंडी मराठीत सांगतात आणि कुठल्या कथेत दम नाही तेही सांगतात.

आणि गाव वाङ्मयाच्या नकाशावर नव्यानं आलेलं नाही. १९४१ चं साहित्य संमेलन इथं झालं, अध्यक्ष वि. स. खांडेकर होते. २००६ साली पुन्हा झालं तेव्हा अध्यक्ष मारुती चितमपल्ली, म्हणजे सोलापुरातच जन्मलेले. वाचणारं गाव आहे. फक्त इथल्या लेखकाला आपलं पुस्तक ‘पुण्याला पाठवायचं’ असतं. नेमकं कुठं आणि कुणाकडं, हे त्याला माहीत नसतं.

दिवसभर वाचतच बसता का?

तशी समजूत आहे. खरं सांगायचं तर कामाच्या वेळातला फार तर तिसरा हिस्सा वाचनात जातो. नळाला पाणी सोडण्याचा वार असेल तर सकाळ त्यातच जाते. मग फोन. प्रकाशकाला हिशेबाची आठवण, लेखकाला दुसऱ्या खर्ड्याची आठवण, चित्रकाराला मुखपृष्ठाची आठवण. दुसऱ्याला आठवण करून देणं हाच खरा व्यवसाय आहे, असं कधीकधी वाटतं. एप्रिल-मे महिन्यात अकरा ते चार बाहेर पडायची सोय नसते. ऊन चव्वेचाळीसला टेकतं. तेव्हा मी जाड कादंबऱ्या वाचून घेते. माझे सगळ्यात कडक नकार मे महिन्यातले आहेत, हेही कबूल करते.

वर्षाला एक लय असते. जून ते ऑगस्ट दिवाळी अंकांची घाई, त्यात प्रकाशक कादंबरी वाचत नाहीत. ऑक्टोबरात जर्मनीत फ्रँकफुर्टचा पुस्तकमेळा. तिथं मुख्यतः हक्कांची खरेदी-विक्री चालते. मी गेलेले नाही, पण दिल्लीतल्या एका एजंटामार्फत माझ्या दोन लेखकांची माहिती तिथं गेली आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये ग्रंथालयांची खरेदी, अनुदान खर्ची टाकायची धावपळ. त्या काळात प्रकाशकाला फोन करून ‘वाचलं का?’ विचारणं म्हणजे गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत स्कूटर घालण्यासारखं.

यात पैसा किती मिळतो?

कागदावर मांडू.

समजा कादंबरीची किंमत ३०० रुपये, आवृत्ती १,००० प्रतींची आणि मानधन छापील किमतीच्या १०%. सगळ्या प्रती विकल्या गेल्या तर लेखकाला ३०,००० रुपये. माझे १५% म्हणजे ४,५००. आणि त्या हजार प्रती विकायला दोन-तीन वर्षं लागू शकतात.

आता करारात ‘छापील किमतीवर’च्या जागी ‘प्रत्यक्ष प्राप्त रकमेवर’ असे शब्द असतील तर बघा. विक्रेत्याला ४०% सूट दिली की प्रकाशकाच्या हातात १८० रुपये येतात. त्याचे १०% म्हणजे प्रतीमागं १८. लेखकाचे ३०,००० चे १८,००० झाले, माझे २,७००. दोनच शब्दांचा फरक.

म्हणून केवळ मराठी पुस्तकांच्या पहिल्या आवृत्तीवर कुणाचंही घर चालणार नाही. माझं पहिली चार वर्षं नवऱ्याच्या पगारावर चाललं, लपवण्यात अर्थ नाही. आजही मी मुद्रितशोधन करते, सूची करते, एका संस्थेच्या स्मरणिकेचं संपादन करते. पैसा येतो तो दुय्यम हक्कांतून. पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद झाला, ऑडिओ झालं, कुणी मालिकेसाठी घेतलं, तर त्यात लेखकालाही दिसेल असा आकडा असतो आणि मलाही. परदेशी किंवा परभाषेच्या करारात मधे दुसरा एजंट असेल तर एकूण २०% घेतात आणि ते आम्ही वाटून घेतो. जगभर साधारण हेच दर आहेत.

इंग्रजीत पैसे आधी एजंटकडं येतात आणि तो आपला वाटा कापून उरलेले लेखकाला पाठवतो. मी उलट करते. प्रकाशक थेट लेखकाच्या खात्यात भरतो, मी लेखकाला बिल देते. या पद्धतीत माझं नुकसान होतं, माहीत आहे. एका लेखकानं दोन वर्षं बिल न देता दर संक्रांतीला शेंगा चटणीचा डबा पाठवला. चटणी उत्तम होती.

हस्तलिखित वाचण्याचे पैसे घेता का?

नाही. जो एजंट वाचनाचे, ‘नोंदणी’चे किंवा ‘प्रोसेसिंग’चे पैसे आधी मागतो, त्याच्याकडून उठून या. त्याची कमाई झालेली असते, तुमचं पुस्तक विकायची त्याला गरज राहत नाही.

पैसे भरून पुस्तक काढून देणारे आहेत. त्यात वाईट काय?

वाईट काही नाही, नाव नीट घ्यावं एवढंच. स्वतः पैसे घालून छापणं ही स्वतःची आवृत्ती झाली. ‘आम्ही तुमचं पुस्तक स्वीकारलं आहे, ४५,००० रुपये भरा’ हे स्वीकारणं नव्हे, ते छपाईचं दरपत्रक आहे. ते दरपत्रकासारखंच तपासावं : फर्मे (छपाईचे ताव) किती, कागद कुठला, प्रती किती, उरलेल्या प्रती कुणाच्या आणि हक्क कुणाकडं. हक्क लेखकाकडंच राहत असतील तर व्यवहार स्वच्छ आहे. पैसेही तुमचे आणि हक्कही त्यांचे, असा कागद मी पाहिलेला आहे. सही केलेली व्यक्ती निवृत्त न्यायालयीन कर्मचारी होती, बोला!

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाच्या ओळख-क्रमांकासाठी, वेगळे पैसे मागितले तर हसून दाखवा. भारतात तो राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय संस्थेकडून मोफत मिळतो आणि स्वतः प्रकाशन करणाऱ्या लेखकालाही मिळतो. पहिलंच पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आधी बघा.

हस्तलिखित कसं पाठवायचं?

पहिली तीन प्रकरणं आणि एक पान सारांश. सारांशात शेवटही सांगा. ‘शेवट वाचूनच कळेल’ असं लिहिणाऱ्यांचा शेवट बहुतेकदा अजून ठरलेला नसतो.

टायपिंग युनिकोडमध्ये हवं. डीटीपीवाल्याकडून जुन्या फॉन्टमध्ये करून घेतलेली फाइल माझ्याकडं उघडली की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं उमटतात, आणि रूपांतर केलं की ‘दुसऱ्या’ आणि ‘वाऱ्या’मधला ‘ऱ्य’ हमखास तुटतो. एकदा अख्ख्या कादंबरीतले वारे असे तुटलेले आले होते. मी आधी त्याला प्रयोग समजले.

हातानं लिहिलेलं असलं तरी वाचते. फुलस्केपवर, एका बाजूला, समास सोडून. मूळ प्रत कधीही, कुणालाही देऊ नका. मलाही नको.

उत्तर किती दिवसांत?

दोन ते तीन महिने. त्यानंतर खुशाल फोन करा. त्याआधी केला तर मी ‘बघते की’ म्हणते, त्याचा अर्थ अजून उघडलेलं नाही.

नकार का देता? सोलापूरवर लिहिलेलं सोलापूरच्या एजंटनं घेतलंच पाहिजे ना?

सोलापूरवर लिहिलेलं मी जास्तच कडकपणे वाचते. पहिल्या दहा पानांत गड्ड्याची जत्रा, नंदीध्वज, कडक भाकरी, गिरणीचा भोंगा आणि चादर हे सगळं आलं, की माझ्या लक्षात येतं की लेखक गावाबाहेरच्या माणसाला गाव दाखवत हिंडतोय. गिरणीत काम केलेला माणूस भोंग्याचं वर्णन करत नाही. तो भोंगा झाल्यावर काय करायचा ते सांगतो.

निवृत्त अधिकाऱ्यांची आत्मचरित्रं फार येतात. बदल्या आणि सत्कार वगळले तर कधीकधी आत चाळीस पानं सोन्यासारखी सापडतात. १९७२ च्या दुष्काळातल्या रोजगार हमीच्या कामांवर हजेरी घेणाऱ्या एका कारकुनाचं लेखन असंच होतं. तीनशे पानांतली एकशे दहा ठेवू या म्हटलं. ते वर्षभर बोलले नाहीत. मग एके दिवशी एकशे चाळीस पानं घेऊन आले. तीस पानांची तडजोड मी मान्य केली आणि आता वाटतं, त्या तीसमधली वीस खरंच लागत होती.

नकार म्हणजे वाईट लिहिलंय असंच नसतं. चांगलं आहे पण मला ते विकता येणार नाही, असंही असतं. ते मी स्पष्ट लिहिते आणि कुणाकडं पाठवावं तेही सुचवते.

कविता घेता का?

वाचते, रडते, परत करते. कवितासंग्रहाला एजंटची गरज नाही, चांगल्या संपादकाची आहे.

करारात काय बघायचं?

इथं घाई करू नका, मीही करणार नाही.

कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे आणि लेखकाला वाटतं त्यापेक्षा तो लेखकाच्या बाजूचा आहे. लिहिलंत त्या क्षणी हक्क तुमचा. नोंदणी सक्तीची नाही. करायचीच असेल तर साहित्यकृतीसाठी सरकारी शुल्क ५०० रुपये आहे. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सही करूनच द्यावा लागतो. कागदावर कुठली कृती, कुठले हक्क, किती काळ, कुठल्या प्रदेशासाठी आणि मोबदला किती हे यायला हवं. काळ लिहिलेला नसेल तर कायदा तो ५ वर्षं धरतो. प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. आणि हक्क घेणाऱ्यानं वर्षभरात तो वापरलाच नाही तर, करारात वेगळं म्हटलेलं नसल्यास, त्याचा तो हक्क संपतो.

हे पाठ करून काय उपयोग? एक लेखक माझ्याकडं आले. काही वर्षांपूर्वी कुणा ‘निर्मात्या’नं हॉटेलात बसून साध्या कागदावर त्यांच्याकडून कादंबरीचे चित्रपटहक्क ११,००० रुपयांत लिहून घेतले होते. मुदत नाही, प्रदेश नाही. सिनेमा झाला नाही, माणूसही परत दिसला नाही. सहा वर्षांनी खरी विचारणा आली तेव्हा लेखक हातपाय गाळून बसले होते. वकिलांना कागद दाखवला. ज्या ढिलाईनं तो लिहिला होता, त्या ढिलाईनंच लेखकाला सोडवलं. पाच वर्षं उलटून गेली होती.

उलटा अनुभव माझ्या स्वतःच्या चुकीचा आहे. माझ्या तिसऱ्याच करारात, मानधनाचा टक्का १० वरून १२ करून घेतल्याच्या आनंदात, मी खालच्या कलमातले ‘व अन्य सर्व माध्यमे’ हे शब्द वाचूनही सोडून दिले. दोन वर्षांनी ऑडिओवाल्यांनी ते पुस्तक मागितलं. हक्क प्रकाशकाकडं, पैसे प्रकाशकाकडं, आणि लेखिकेला त्यातलं काय मिळावं याबद्दल करारात ओळ नाही. तिनं मला काही म्हटलं नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं. तेव्हापासून छापील पुस्तक, ई-बुक, ऑडिओ, अनुवाद, नाट्य-चित्रपट-मालिका असे प्रत्येकाचे वेगळे परिच्छेद आणि प्रत्येकात लेखकाचा वेगळा वाटा लिहिल्याशिवाय मी कागद पुढं सरकवत नाही. २०१२ च्या दुरुस्तीनं एक सोय केली आहे. करारावेळी जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं, ते करारात स्पष्ट नाव घेऊन दिल्याशिवाय जात नाही. पण जे माध्यम आहे, त्याच्यावर डोळा ठेवायचं काम आपलंच.

आणखी एक ओळ हवीच : पुस्तक बाजारात संपल्यावर ठरावीक महिन्यांत नवी आवृत्ती काढली नाही तर हक्क लेखकाकडं परत. ही ओळ नसली की पुस्तक ना मिळतं, ना दुसरीकडं देता येतं. विहिरीवर झाकण घालून ठेवल्यासारखं. आणि हिशेब वर्षातून एकदा तरी लेखी मिळेल, ही तारीख टाकून घ्या. मानधनातून टीडीएस कापला असेल तर त्याचं प्रमाणपत्रही मागा. ते मागायला लाजू नका.

वडिलांची पुस्तकं आहेत. हक्क कुणाचे?

लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं वारसांचे. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून २०१० अखेर त्यांच्या लेखनावरचा हक्क संपला आणि आज त्यांची पुस्तकं कुणीही छापू शकतं. खांडेकर १९७६ साली गेले, म्हणजे त्यांचा हक्क २०३६ अखेरपर्यंत आहे. हयातीत कधीच प्रसिद्ध न झालेलं लेखन वारसांनी नंतर काढलं तर ६० वर्षं त्या प्रकाशनापासून मोजतात. त्यामुळं पेटीतल्या वह्या रद्दीत घालण्यापूर्वी एकदा दाखवा.

वारस चार असतील तर सह्या चौघांच्या लागतात. एक भाऊ हैदराबादला, एक बहीण पुण्याला आणि दोघं शेजारीशेजारी राहून एकमेकांशी न बोलणारे, असं एक प्रकरण माझ्याकडं तीन वर्षं आहे. पुस्तक उत्तम आहे. शेताची वाटणी झाली, पुस्तकाची व्हायची आहे.

पत्रांबद्दल एक सांगते, कारण दर महिन्याला कुणीतरी विचारतं. मोठ्या लेखकानं तुमच्या आजोबांना लिहिलेली पत्रं तुमच्या घरात असतील, तर कागद तुमचा, मजकूर नाही. मजकुराचा हक्क पत्र लिहिणाऱ्याचा, म्हणजे आता त्याच्या वारसांचा. विचारल्याशिवाय छापू नका.

माझं पुस्तक इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये जाईल का?

२०२५ साली बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांना आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं, तेव्हापासून हा प्रश्न रोजचा झाला. त्यात दोन गोष्टी लक्षात घ्या. ५०,००० पौंडांचं ते पारितोषिक लेखिका आणि अनुवादक दीपा भास्ती यांच्यात निम्मं-निम्मं वाटलं गेलं. आणि त्या कथा काही एका वर्षात लिहिलेल्या नव्हत्या, तीसेक वर्षांच्या लेखनातून निवडलेल्या होत्या.

म्हणून मी आधी अनुवादक शोधते, प्रकाशक नंतर. इंग्रजी प्रकाशकाला मराठी वाचता येत नाही. त्याला वीस-पंचवीस पानांचा नमुना अनुवाद लागतो आणि त्या पानांचे पैसे कुणी द्यायचे, यावर बहुतेक प्रस्ताव मरतात. मराठी-इंग्रजीत चांगले अनुवादक मोजकेच, आणि त्यांच्याकडं रांग असते. ‘भाची कॉन्व्हेंटला आहे, ती करेल’ हे मला सांगू नका.

कन्नड आणि तेलुगूत पैसा कमी, पण रस्ता जवळचा. पूर्व भागातल्या एका लेखकानं यंत्रमागावरची कादंबरी मराठीत लिहिली, पण माणसं भांडायला लागली की संवाद आपोआप तेलुगू वळणाचे होत. मराठी प्रकाशकाला ती भाषा ‘अशुद्ध’ वाटली. तेलुगू अनुवादकाला मात्र तीच पानं सगळ्यात सोपी गेली. तो म्हणाला, “ही पानं मुळात आमचीच होती, अक्का. तुमच्याकडं पाहुणी आली होती.”

सिनेमा किंवा वेबसिरीज होईल का?

बहुतेक नाही. पण हक्क तुमच्याकडं ठेवा.

सोलापूरकरांना उदाहरण घरचंच आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस इथं १९१० साली जन्मले, १९४२ साली चीनमध्ये वारले. त्यांच्यावर ख्वाजा अहमद अब्बास यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिलं आणि त्यावरून १९४६ साली व्ही. शांताराम यांचा चित्रपट आला. माणूस, पुस्तक, पडदा. आज असं होताना मधे एक पायरी असते, ‘ऑप्शन’ नावाची. निर्माता थोडे पैसे देऊन वर्ष-दीड वर्ष पुस्तक राखून ठेवतो. त्या मुदतीत सिनेमा उभा राहिला तर मोठी रक्कम, नाही तर हक्क परत. बहुतेक ऑप्शन तसेच संपतात. त्यामुळं त्या पैशावर घराचा मजला चढवू नका.

एआयबद्दल करारात काही लिहिता का?

हो, एक ओळ : लेखकाच्या लेखी परवानगीशिवाय मजकूर यंत्राला शिकवण्यासाठी किंवा यंत्राच्या आवाजात वाचण्यासाठी देता येणार नाही. काही प्रकाशक लगेच मान्य करतात, काही विचारतात हे काय.

तुमच्याशी करार केला की कायमचं बांधून घ्यायचं का?

दोन वर्षं. नंतर दोघांनाही ६० दिवसांची सूचना देऊन मोकळं होता येतं. मी आणलेल्या करारातून पैसे येत राहतील तोवर त्यातला माझा वाटा राहतो, नव्या पुस्तकावर काही हक्क नाही. एक लेखक नाव झाल्यावर गेले. वाईट वाटलं. त्यांच्या जुन्या पुस्तकाचा हिशेब मात्र अजून मीच मागते.

मला एजंट व्हायचंय. काय शिकू?

परवाना लागत नाही, पदवीचं बंधन नाही. मराठीत याचा स्वतंत्र अभ्यासक्रमही माझ्या पाहण्यात नाही. दोन वर्षं प्रकाशकाकडं पडेल ते काम करा. मुद्रितं तपासा, गोदामात गठ्ठे मोजा, ग्रंथप्रदर्शनात टेबलावर उभे राहा. गठ्ठे मोजल्याशिवाय ‘आवृत्ती संपली’ या वाक्याचा अर्थ कळत नाही. करार वाचायला शिका, मराठीतले आणि इंग्रजीतलेही. मराठीखेरीज एक शेजारची भाषा, निदान कानानं तरी, येऊ द्या. आणि दुसरं उत्पन्न असू द्या.

स्वतः लिहीत असाल तर जरा थांबून विचार करा. दुसऱ्याची चांगली कादंबरी वाचून पोटात दुखत असेल, तर हा धंदा जमणार नाही. मला सुदैवानं लिहिता येत नाही.

भेटायला कधी येऊ?

जुळे सोलापुरात, घरीच, शनिवारी दुपारी चारनंतर. आधी फोन करा, कारण पाण्याचा वार बदलत असतो. येताना झेरॉक्स प्रत आणा, आधी कुठं सही केली असेल तर तो कागदही आणा. अगदी हॉटेलच्या बिलामागं केली असेल तरी.